मालकी कोणाचीही असो, जंगल फिरायला सर्वांचे

नॉर्वेच्या भाषेत 'टूर' हा छोटासा शब्द आहे. घरामागच्या झाडीत अर्धा तास चालून आले तरी टूर आणि डोंगरात आठवडा काढला तरी टूरच. रविवारच्या टूरला तर वेगळे नावच आहे, 'सॉन्दाग्सटूर'. उन्हाळा आला की शनिवारी-रविवारी आईवडील, मुले, आजीआजोबा, सोबत कुत्रा, असे अख्खे घर पाठीला पिशव्या लावून जंगलाच्या वाटेला लागते. कोणाला स्पर्धा जिंकायची नसते. चालायचे, एखाद्या तळ्याकाठी बसून खायचे आणि परत यायचे, एवढाच कार्यक्रम.

आरोग्याच्या पानावर आम्ही हा विषय घेतला त्याचे कारण साधे आहे. प्रौढ माणसाने आठवड्यात किमान १५० मिनिटे मध्यम श्रमाची हालचाल करावी, असे जागतिक आरोग्य संघटना सांगते. रोज थोडे थोडे चालणे उत्तमच. पण ज्याला आठवडाभर कामातून मान वर काढता येत नाही त्याची ही मिनिटे तीन तासांच्या एका टूरमध्ये भरून निघतात. फी नाही, यंत्र नाही. शिवाय त्या देशात उन्हाची किंमत फार. ऑस्लो शहरात डिसेंबरमध्ये दिवस जेमतेम सहा तासांचा असतो, जूनमध्ये मात्र रात्री साडेदहापर्यंत उजेड. असा दिवस घरात बसून घालवणे त्यांना जिवावर येते.

पण नुसत्या हौसेने ही रीत टिकली नसती. जंगल कोणाचे, हा प्रश्न तिथेही होताच. ऑस्लोला लागून नूरमार्का नावाचे मोठे जंगल आहे. त्याचा बराच मोठा भाग आजही एका खासगी घराण्याच्या मालकीचा आहे. तरीही त्या जंगलात कोणीही जाऊ शकतो आणि मालक त्याला हटकू शकत नाही. ही जुनी रीत १९५७ साली कायद्यात लिहिली गेली. तिला ते 'सर्वांचा हक्क' म्हणतात. शेत, अंगण, घराभोवतीची जागा सोडून बाकी रानात पायी फिरावे, बोरीसारखी झुडपांवरची फळे आणि अळंबी गोळा करावी. राहत्या घरापासून १५० मीटर लांब तंबू ठोकून दोन रात्री राहावे, परवानगी लागत नाही. बदल्यात कचरा करायचा नाही, कशाची नासधूस करायची नाही. तिकीट नाही, पास नाही, तू कोण आणि कुठला ही विचारणा नाही.

हक्क कागदावर असला तरी राखावा लागतो. १९४६ साली नूरमार्कातून विजेची लाइन न्यायचे ठरले, तेव्हा विरोध करायला हजारो माणसे ऑस्लोत जमली होती. पुढे २००९ साली शहराभोवतीच्या जंगलाची हद्द सांभाळण्यासाठी स्वतंत्र कायदाच झाला. बिल्डरची नजर तिथल्याही जमिनीवर असते.

जायचे कसे, तर मेट्रोने. शेवटच्या स्टेशनाला उतरले की समोर सोंग्सवान तळे. त्याला सुमारे सव्वातीन किलोमीटरची सपाट फेरी आहे, बाबागाडी आणि व्हीलचेअरसुद्धा जाते. दमदार मंडळी पुढे पाच-सहा किलोमीटरवरच्या उलेव्होलसेटरला जातात. तिथे कॉफी आणि केक मिळतो. उन्हाळी वाटांवर झाडांना निळ्या खुणा असतात, हिवाळ्यातल्या स्कीच्या वाटांना लाल. गंमत म्हणजे शहरात शेजारच्याशी न बोलणारी ही माणसे जंगलात समोरून येणाऱ्या अनोळखी माणसाला हसून 'हाय' म्हणतात.

पिशवीत खाणे घरचेच. पावाच्या कापांवर तपकिरी चीज. चीज काढल्यावर उरलेले दुधाचे पाणी खव्यासारखे आटवत नेले की त्यातली साखर करपून तो रंग येतो. थर्मासमध्ये कॉफी, खाली घालायला फोमचा तुकडा, आणि १९३७ पासून मिळणारे 'क्विक लुन्श' नावाचे चॉकलेट. जुलै-ऑगस्टमध्ये रानात निळ्या बेरी पिकतात. मुलांची बोटे, ओठ, जीभ जांभळी होते; जांभळे खाल्ल्यावर होते तशीच. मुले बरोबर असली की चाल मुलांची, मोठ्यांची नव्हे. किती अंतर झाले हे कोणी मोजत नाही.

सगळेच जातात असे मात्र नाही. ऑस्लोच्या पूर्वेला ग्रूरूद खोऱ्यात पाकिस्तान, सोमालिया अशा देशांतून आलेली बरीच कुटुंबे राहतात. जंगल त्यांच्या इमारतीच्या मागेच आहे, तरी वाटांवर ती कमी दिसतात. आम्हाला याचे नवल वाटत नाही. ज्याच्या आजीने रानातून मोळ्या वाहिल्या त्याला रान हे मजेचे ठिकाण आहे हे एकदम कसे पटावे? त्यात पावसाळी जाकीट, चांगले बूट महाग. यावर तिथे एक चांगली सोय झाली आहे. 'बुआ' नावाची व्यवस्था मुलांना तंबू, पाठपिशव्या, खेळाचे सामान फुकट वापरायला देते, वाचनालयातून पुस्तक आणावे तसे. १८६८ पासून असलेल्या पर्यटन संघाची मुलांसाठी वेगळी शाखा आहे, ती कुटुंबांना सोबत घेऊन सहली काढते.

काळजीचे दोन मुद्दे. १५ एप्रिल ते १५ सप्टेंबर जंगलात आणि जंगलाजवळ विस्तव पेटवायला बंदी असते, म्हणून कॉफी घरूनच. दुसरा मुद्दा गोचिडीचा. दक्षिणेकडच्या किनारी भागात ती जास्त. घरी आल्यावर गुडघ्यामागे, काखेत, जांघेत आणि मुलांच्या केसांच्या कडेला नीट पाहतात. चिकटलेली दिसली तर चिमट्याने अगदी कातडीजवळ धरून सरळ ओढून काढतात. तेल लावणे, चटका देणे असले उपाय करत नाहीत. पुढच्या दिवसांत किंवा आठवड्यांत त्या जागी लाल चकंदळ पसरत गेले तर लगेच डॉक्टरकडे जातात. वेळेवर अँटिबायोटिक गोळ्या मिळाल्या की हा आजार बहुतेकांचा बरा होतो.