कावा आणि बंदी

'कावा' म्हटले की आपणा सर्वांना गनिमी कावा आठवतो. मलाही तोच आठवला. परंतु फिजी, टोंगा, वानुआटू या प्रशांत महासागरातील बेटांवर कावा हे एक पेय आहे. मिरीच्या कुळातील एका झुडपाचे मूळ कुटून ते पाण्यात कालवतात. पिणाऱ्याची जीभ बधिर होते, अंग सैलावते, मन शांत होते.

१९८० नंतर हा कावा उत्तर ऑस्ट्रेलियातील आर्नेम लँडच्या आदिवासी वस्त्यांत आला, तो दारूला पर्याय म्हणून. अतिसेवनाने कातडी खवल्यांसारखी होऊ लागली, वजन घटू लागले. तेव्हा १९९८ च्या कायद्याने विक्रीला परवाने व मर्यादा आल्या. काही परवाने आदिवासींच्याच संस्थांकडे होते. पुढे २००७ साली केंद्र सरकारने व्यापारी आयातच थांबवली.

मग कावा संपला काय? नाही. तो चोरवाटेने येऊ लागला आणि भाव कित्येक पटींनी चढला. पूर्वी नफ्याचा काही भाग वस्तीत राहत असे; आता तो सगळा चोरट्या व्यापाऱ्याच्या खिशात गेला. किती विकावा, कोणाला विकावा, हे पाहणारेही कोणी उरले नाही. डिसेंबर २०२१ मध्ये देशात व्यापारी आयात पुन्हा सुरू झाली. नॉर्दर्न टेरिटरीने मात्र आपले निर्बंध तेव्हा उठवले नाहीत.

आमच्या वाडीत 'बंदी आली' याचा अर्थ 'भाव वाढला' असाच घेतात. बंदीचा हेतू चांगला असेलही; पण तिची किंमत गरिबाच्या घरातूनच वसूल होते, हे मला महत्त्वाचे वाटते.