मामाची लांब लेन्स

रानात मोर दिसला आणि आपण मोबाइलने त्याचा फोटो काढला तर काय होते? मोर मुंगीएवढा येतो आणि सगळे रानच फोटोत दिसते. जवळ जावे तर मोर पळतो. यासाठी लांब लेन्स असते. तिला टेलिफोटो लेन्स म्हणतात. माझा मामा पुण्यात हडपसरला राहतो. तो लग्नाचे फोटो काढतो आणि रविवारी पक्ष्यांचे काढतो. त्याच्याकडे अशी लेन्स आहे. ती कशी वापरतात व कशी जपतात हे मी पाहिले, ते सांगतो.

ती पूर्ण बाहेर ओढली की जवळजवळ हातभर होते. वजन २ किलो. आत एकामागे एक अशी पुष्कळ भिंगे असतात. लेन्सवर मिलिमीटरचे आकडे लिहिलेले असतात. साध्या लेन्सचा आकडा ५० असतो. मामाच्या लेन्सचा ६०० आहे. आता ६०० ला ५० ने भागा. उत्तर १२ येते. म्हणजे १२० फुटांवरचा पक्षी साध्या लेन्सने १० फुटांवरून दिसावा तेवढा मोठा दिसतो. हा भागाकार मी मनात केला, मामाला खरे वाटले नाही.

दिवाळीच्या सुट्टीत मामाने मला कवडीपाटला नेले. पुण्याहून सोलापूर रस्त्याने जाताना लोणी काळभोरच्या अलीकडे हे ठिकाण आहे. तिथे मुळा-मुठा नदीवर जुना बंधारा आहे. पाण्यावर फेस होता व वास लय येत होता, तरी पक्षी पुष्कळ होते. शेकाट्या, राखी बगळा, पाणकावळे, आणि चक्रवाक. चक्रवाक म्हणजे नारिंगी रंगाचे बदक. ते थंडीत लडाख-तिबेटकडून आपल्याकडे येते. एवढ्या लांबून आलेल्या पाहुण्याला उठवायचे नाही, म्हणून मामा काठावर पोटावर झोपला.

लांब लेन्सचा मोठा दोष असा की ती पक्ष्याला १२ पट मोठे करते, तशी आपल्या हाताची थरथरही मोठी करते. आपण श्वास घेतला तरी चित्र हलते. म्हणून लेन्स कशावर तरी टेकवावी लागते. आजीने जुन्या लुगड्याची दुहेरी पिशवी शिवून तिच्यात ज्वारी भरून दिली होती. मामा ती दगडावर ठेवतो आणि वर लेन्स ठेवतो. ज्वारी दबते आणि लेन्स घट्ट बसते. (पावसाळ्यात त्या ज्वारीला टोके लागले. ती कोंबड्यांना घातली आणि नवी भरली.) शिवाय फोटो फार झटकन निघावा लागतो. एका सेकंदाचे ६०० भाग केले तर त्यातल्या एका भागाएवढ्या वेळात, किंवा त्याहूनही लवकर. उडणाऱ्या पक्ष्याला त्याहून पुष्कळच लवकर. उचलताना कॅमेऱ्याला धरून उचलू नये. लेन्सच जड असते, सगळा भार जोडावर येतो. डावा हात लेन्सच्या पोटाखाली पाहिजे.

आता माझी चूक सांगतो. त्या दिवशी पुढच्या काचेवर धूळ बसली होती. मामा पाणी प्यायला गेला. मला वाटले मदत करावी. मी सदऱ्याच्या टोकाने काच पुसली. धुळीत वाळूचा कण होता. काचेवर केसासारखी बारीक रेघ उठली. मामा काहीच बोलला नाही. तो ओरडला असता तर बरे झाले असते. घरी जाईपर्यंत मी पण बोललो नाही. रात्री त्याने मला बरोबर पद्धत दाखवली. आधी रबरी पंपाने हवा मारून धूळ उडवायची. तोंडाने फुंकर मारायची नाही, थुंकीचे शिंतोडे उडतात. मग मऊ ब्रश फिरवायचा. एवढ्याने झाले नाही तरच खास मऊ कापडाने मधून कडेकडे गोल गोल पुसायचे. मामा म्हणाला, एवढ्या बारीक रेघेने फोटो बिघडत नाही. पण मी ती रेघ पाहिली आहे.

रेघेपेक्षा मोठा शत्रू म्हणजे ओल. दोन वर्षांपूर्वी पावसाळ्यात मामाने लेन्स पिशवीत घालून कपाटात ठेवली. गणपतीत काढली तर आतल्या भिंगावर कोळ्याच्या जाळ्यासारखी पांढरी बुरशी. लोणच्यावर येते तशीच ही बुरशी. तिला अंधार, ओल आणि कोंदट हवा आवडते. ती काचेवरचा पातळ थर खाते. लेन्स पूर्ण खोलून साफ करावी लागली. एका लग्नाचे सगळे पैसे त्यात गेले आणि एक डाग राहिलाच.

तेव्हापासून लेन्स घट्ट झाकणाच्या डब्यात असते. डब्यात सिलिका जेलचे नारिंगी दाणे असतात. ते ओल ओढून घेतात आणि हिरवे होतात. मग ते गरम करून वाळवले की पुन्हा नारिंगी होतात. ते खायचे नसतात, हे माझ्या धाकट्या भावाला दोनदा सांगितले आहे. आजी म्हणाली होती, तांदळात ठेव. पण तांदळाची भुकटी लेन्समध्ये जाते.

थंडगार लेन्स एकदम गरम घरात आणली तर तिला घाम फुटतो. माठातले पाणी तांब्यात घेतले की तांब्या बाहेरून ओला होतो, तसेच. म्हणून घरात शिरण्याआधीच ती पिशवीत बंद करतात आणि अर्ध्या तासाने काढतात. आणि या लेन्समधून सूर्याकडे कधीही पाहू नये. भिंगाने कागद जळतो, इथे तर डोळा असतो.

मे महिन्यात मामा आमच्या गावी आला. आमच्या रानात टिटवीने उघड्या जमिनीवर चार अंडी घातली होती. मी रोज जवळ जाऊन पाहायचो आणि टिटवी डोक्यावर ओरडत फिरायची. मला वाटायचे ती अंड्यांवर बसतच नाही. मामाने मला हाताला धरून पन्नास पावले मागे नेले. बांधाआड ज्वारीची पिशवी ठेवली, वर लेन्स ठेवली. थोड्या वेळाने टिटवी गप झाली आणि आली. तिचे पोट ओले होते. पाटात पोट भिजवून ती अंड्यांवर बसली. ऊन फार होते, म्हणून ती अंडी गार करत होती. मी रोज तिला उठवत होतो आणि अंडी उन्हात तापत होती. त्यानंतर मी बांधाच्या पुढे गेलो नाही. चारांपैकी तीन पिल्ले निघाली.

तो फोटो या लेखाशेजारी लावला आहे. टिटवी पाण्यात हलावी तशी दिसेल. ते जमिनीतून उठणाऱ्या झळांमुळे आहे, त्याला कोणतीच लेन्स काही करू शकत नाही. तिचे ओले पोट नीट पाहा. फोटोला हात लावू नये.

– इयत्ता चौथी