गावाच्या नावाचं बक्षीस

आपल्याकडे सेवेचा गौरव म्हणजे शाल, श्रीफळ आणि खुर्चीत अवघडून बसलेला एक माणूस. त्याच्याबरोबर वर्षानुवर्षं राबलेले बाकीचे लोक समोर सतरंजीवर. २०००-०१ साली संत गाडगेबाबा ग्रामस्वच्छता अभियान सुरू झालं आणि राज्यभर सत्कारमूर्ती म्हणून एकदम गावच उभं राहिलं. कल्पना तेव्हाचे ग्रामविकासमंत्री आर. आर. ऊर्फ आबा पाटील यांची. गटारं काढायची, उकिरडे हलवायचे, संडास बांधायचे, तेही स्वतःच्या मेहनतीने आणि लोकवर्गणीतून. तपासणी समिती त्यानंतर येणार. राज्यात पहिल्या आलेल्या ग्रामपंचायतीला २५ लाख रुपये. गाडगेबाबा गावात शिरले की दिवसा खराटा आणि रात्री कीर्तन. अभियानानेही आधी काम, मग कौतुक हाच क्रम धरला.

पुढे केंद्राचा निर्मल ग्राम पुरस्कार आला, २००७ मध्ये गृहमंत्री असताना आबांनीच महात्मा गांधी तंटामुक्त गाव मोहीम काढली. गावांना चुरशीची सवय लागली. तपासणीच्या आदल्या रात्री चुना मारायची, झाडांच्या बुंध्यांना गेरू लावायचीही सवय लागली, हे नाकारण्यात अर्थ नाही. समितीची जीप फाट्यावरून वळली की काही गावांत दुसऱ्या दिवसापासून हागणदारी पुन्हा पहिल्या जागी.

या सगळ्यात माझ्या मते सर्वांत मोठं प्रकरण वॉटर कपचं. २०१६ साली अभिनेता आमिर खानच्या पानी फाउंडेशनने वरुड, अंबाजोगाई आणि कोरेगाव या तीन तालुक्यांत ही जलसंधारणाची स्पर्धा घेतली. ११६ गावं उतरली, पहिलं आलं कोरेगावातलं वेळू. बक्षीस ५० लाखांचं. आमिर खानच्या नावाने माणसं जमली असतील, पण ऐन उन्हाळ्यात महिना-दीड महिना टिकाव चालवायला नट पुरत नाही. गावातून निवडलेली माणसं, त्यात बायकाही, आधी प्रशिक्षणाला जायची. हायड्रोमार्करने समपातळी रेषा कशी आखायची, सलग समतल चर कुठे खणायचे, बांधबंदिस्ती कशी करायची, हे शिकून यायची आणि गावाला कामाला लावायची. ज्या सुनेने चावडीसमोर कधी तोंड उघडलं नव्हतं, तिने आखलेल्या रेषेवर सासऱ्याने खणायचं. गुणपत्रिकेत याला गुण नव्हते. असायला हवे होते.

२०१७ मध्ये ३० तालुके, २०१८ मध्ये ७५. पहिला क्रमांक आधी वर्धा जिल्ह्यातल्या आर्वी तालुक्यातल्या काकडदऱ्याला मिळाला. कोलाम आदिवासींची ही छोटीशी वस्ती. माणसं मोजकी आणि काम मात्र डोंगरभर, म्हणून हा निकाल मला वॉटर कपच्या चारही वर्षांत सर्वांत आवडलेला. पुढच्या वर्षी पहिलं आलं माण तालुक्यातलं टाकेवाडी. २०१८ च्या महाराष्ट्र दिनी शहरांतले ‘जलमित्र’ महाश्रमदानाला गेले. काहींनी फावड्यापेक्षा सेल्फी जास्त काढले, पण घमेली उचलणारेही पुष्कळ होते. भारतीय जैन संघटनेने यंत्रं पुरवली, म्हणून हाताने न होणारी कामं उरकली.

त्या वर्षी ऑगस्टमध्ये पुण्यात बक्षिसं वाटली गेली आणि ३१ ऑक्टोबरला सरकारने १५१ तालुक्यांत दुष्काळ जाहीर केला. ‘एवढं खणून काय मिळालं?’ हा प्रश्न तेव्हा पारापारावर विचारला गेला. चर पाऊस पाडत नाही, पडलेला अडवतो. पण खरी अडचण वेगळीच होती. अडवलेलं पाणी कुणी, किती, कोणत्या पिकाला उपसायचं, हे स्पर्धेच्या पंचेचाळीस दिवसांत ठरत नाही. नगर जिल्ह्यातल्या हिवरे बाजारने हे काम बक्षिसाच्या घाईशिवाय, वर्षानुवर्षं केलं. दरवर्षी पाण्याचा ताळेबंद मांडायचा, तो पाहून पिकं ठरवायची, शेतीसाठी बोअर घ्यायचं नाही. केंद्राचा भूजल पुरस्कार त्या गावाला २००७ मध्ये मिळाला तेव्हा हे नियम तिथे चांगले मुरलेले होते.

२०१९ मध्ये बार्शी तालुक्यातलं सुर्डी जिंकलं आणि वॉटर कप तिथे थांबला. पुढे २०२२ पासून त्याच संस्थेने फार्मर कप घेतला, गटशेती करणाऱ्या शेतकऱ्यांसाठी. बांधाला बांध असलेल्यांनी, कधी भाऊबंदकीत अडकलेल्यांनीही, बियाणं आणि खतं एकत्र घ्यायची, सावडीने एकमेकांच्या शेतात राबायचं. स्पर्धा इथेही आहेच, पण ती पेरणीपासून काढणीपर्यंतच्या हंगामाची. एका रात्रीत चुना मारून तो लपवता येत नाही.

२०२५ मध्ये सरकारने मुख्यमंत्री समृद्ध पंचायतराज अभियान जाहीर केलं. राज्यातल्या पहिल्या ग्रामपंचायतीला पाच कोटी. आबांच्या २५ लाखांच्या वीसपट. रक्कम वाढली याचं वाईट वाटण्याचं कारण नाही. फक्त त्यातले थोडे पैसे हातात राखून पाच वर्षांनी पुन्हा तपासणी करून द्यावेत, आणि त्या वेळी समितीने गावाला आधी कळवू नये.