सरीतलं थायमेट

आष्टा, वाळवा आणि सगळ्या कृष्णाकाठच्या ऊसपट्ट्यात एका पिढीच्या हाताला थायमेटचा वास लागलेला होता. हुमणी ही अळी उसाची मुळं कुरतडते, ऊस पिवळा पडतो आणि धरून ओढला की सहज उपटून येतो. त्यावर तेव्हा हमखास उपाय म्हणजे १० टक्के दाणेदार फोरेट, बोलीत थायमेट. घमेल्यातून उघड्या हातानं ते सरीत विस्कटायचं आणि वर माती लावायची. पाकिटावरचा लाल त्रिकोण, म्हणजे सर्वांत जहाल विषाची खूण, कुणी फारसं पाहत नसे.

हे विष शरीरात जे करतं ते विलक्षण आहे. फोरेट स्वतः त्या मानानं सौम्य. यकृतातली विकरं त्याचं रूपांतर करतात आणि मग ते खरं जहाल बनतं. विषाचा निचरा करणारा अवयवच त्याला धार लावतो! नसांच्या टोकाशी अ‍ॅसिटाइलकोलिन हे रसायन संदेश पोचवतं आणि एक विकर लगेच त्याचे तुकडे करतं. फोरेट त्या विकरालाच जखडून टाकतं. मग संदेश थांबत नाही. लाळ आणि घाम वाहतो, बाहुल्या टाचणीच्या टोकाएवढ्या होतात, फुप्फुसात पाणी साचतं, श्वासाचे स्नायू थकतात. अ‍ॅट्रोपिन लक्षणं आवरतं. पण विकर कायमचं जखडण्याआधी ‘पॅम’ हे औषध मिळायला हवं.

अशा विषांसाठी कायदा झाला तोही माणसं गेल्यावरच. १९५८ मध्ये केरळात पॅराथिऑन हे कीटकनाशक मिसळलेल्या गव्हाच्या पिठानं शंभराहून अधिक जण दगावले, त्यानंतर दहा वर्षांनी, १९६८ मध्ये, कीटकनाशक कायदा आला. तरीही २०१७ मध्ये यवतमाळ जिल्ह्यात कपाशीवर फवारताना वीसहून अधिक शेतकरी-शेतमजूर गेले. तिथल्या फवाऱ्यात डायफेनथियुरॉनही होतं. ते पेशीला ऊर्जा पुरवणाऱ्या मायटोकाँड्रियावर घाला घालतं आणि त्यावर खास उतारा नाही.

फोरेटवर बंदीचा आदेश निघाला ऑगस्ट २०१८ मध्ये, तोही ३१ डिसेंबर २०२० पर्यंतची मुदत देऊन. मोनोक्रोटोफॉस या आणखी एका कीटकनाशकावरच्या बंदीला २०२३ उजाडलं. इतकी वर्षं राबणाऱ्या हातांनी या उशिराची किंमत मोजली, हे सरळ म्हणायला हवं.

हुमणी मात्र गेलेली नाही. वळवाच्या पहिल्या पावसानंतर संध्याकाळी तिचे भुंगेरे कडुलिंब-बाभळीवर जमतात. फांद्या हलवून ते गोळा करणं, प्रकाश सापळे लावणं, मातीत मेटारायझियम बुरशी मिसळणं, हे उपाय आता गावोगाव सांगितले जातात. भुंगेऱ्यांनी अंडी घालण्याआधी सगळ्या गावानं मिळून ते वेचले, तरच वेचण्याचा उपयोग होतो.