फुटबॉलच्या हिशेबातली होडी

आमच्या लेकीनं कॉलेजात जाईपर्यंत वल्हं हातात धरलं नव्हतं. इथे अमेरिकेत एका मोठ्या विद्यापीठात प्रवेश घेतला आणि पहिल्याच आठवड्यात डायनिंग हॉलच्या रांगेत रोइंगच्या कोचबाईंनी तिला गाठलं. उंची किती? पाच फूट अकरा इंच. झालं, दुसऱ्या दिवशी पहाटे बाईसाहेब तळ्यावर! आमच्या ह्यांना वाटलं, आता फी माफ होणार. तसलं काही झालं नाही.

चांदवड तालुक्यातल्या दुष्काळी तळेगाव रोहीचा दत्तू भोकनळ लष्करात गेल्यावर रोइंगकडे वळला आणि रिओ ऑलिंपिकला पोचला. पाणी न पाहिलेली उंच पोरं होडीत बसतात, हे आपल्याला नवीन नाही. पण अमेरिकेतल्या कोचबाई रांगेत उंच मुली का हेरतात, याचं उत्तर फुटबॉलच्या मैदानावर आहे.

१९७२ साली इथे ‘टायटल नाइन’ कायदा झाला. केंद्र सरकारचा पैसा घेणाऱ्या शिक्षणसंस्थेला मुलगा-मुलगी भेद करता येणार नाही, एवढंच त्यात म्हटलंय. खेळांना तो कसा लावायचा, हे नंतरच्या नियमांनी ठरवलं. कायदा पाळल्याचं दाखवायचे तीन मार्ग आहेत. त्यातला सरळ मार्ग म्हणजे विद्यार्थ्यांत मुलींचं जेवढं प्रमाण, साधारण तेवढंच खेळाडूंत. आता अमेरिकन फुटबॉलचा एकेक संघ शंभराच्या वर मुलांचा. मुलींचा एवढा मोठा खेळ आणायचा कुठून? रोइंगमध्ये पन्नास-साठ मुली सहज मावतात. राष्ट्रीय कॉलेज क्रीडासंघटना, म्हणजे एनसीएए, १९९७पासून मुलींची रोइंग स्पर्धा भरवते. मुलांची आजही भरवत नाही.

ही मेहेरबानी वाटत असेल, तर येल विद्यापीठातलं १९७६ ऐका. येलच्या डर्बी इथल्या बोटहाऊसमध्ये मुलांना गरम पाण्याचे शॉवर होते, मुलींना नाही. सराव संपला की त्या ओल्या कपड्यांनिशी थंडीत बसमध्ये बसायच्या, मुलांच्या आंघोळी उरकेपर्यंत. तक्रारी करून झाल्या. मग ३ मार्चला १९ मुली खेळखात्याच्या बाईंच्या ऑफिसात शिरल्या आणि कपडे उतरवून उभ्या राहिल्या. छातीपाठीवर ‘टायटल नाइन’ लिहिलेलं. कॅप्टन ख्रिस अर्न्स्टनं निवेदन वाचलं. सोबत वार्ताहर आणलेला, त्यामुळे बातमी न्यूयॉर्क टाइम्समध्ये झळकली. मग कुठे शॉवरची सोय झाली. ही ख्रिस त्याच वर्षी मॉन्ट्रियल ऑलिंपिकला गेली आणि पुढे चक्क प्लंबर झाली!

आकड्यांचा कायदा आला की आकड्यांचे खेळही आलेच. मुलींच्या बास्केटबॉल संघासोबत सराव करणारी मुलं सरकारी तक्त्यात खेळाडू मुलींच्या रकान्यात धरलेली, असं २०११ साली वर्तमानपत्रांनी उघड केलं. यादीत नाव आहे पण शर्यतीत कधी उतरवलं नाही, अशा मुली लेकीच्या संघातही आहेत. तरी मला विचाराल तर मोजणी हवीच. नुसत्या सदिच्छेवर सोडलं तर काय होतं, ते डर्बीत दिसलंच.

आता मोजायची गोष्ट बदलली आहे. २०२५च्या कोर्टातल्या तडजोडीनं विद्यापीठांना खेळाडूंना थेट पैसे देता येतात, पहिल्या वर्षी साधारण दोन कोटी पाच लाख डॉलरपर्यंत. त्यातला मोठा वाटा बहुतेक ठिकाणी फुटबॉल आणि मुलांच्या बास्केटबॉलकडेच जाणार. आधी खेळून गेलेल्यांना द्यायच्या जुन्या थकबाकीचंही तेच. या थकबाकीच्या वाटणीला टायटल नाइन लागू व्हायला हवा, म्हणून काही खेळाडू मुलींनी लगोलग अपील दाखल केलं.