राजनयाची ऑनलाइन पदवी: मान्यता आणि मान

मैलापूरमधील आमच्या इमारतीत तिसऱ्या मजल्यावर राहणारी तेवीस वर्षांची एक मुलगी गेल्या महिन्यात एक माहितीपत्रक घेऊन माझ्याकडे आली. अर्थशास्त्रात बी.ए. झालेली, चेन्नई बंदरातील मालवाहतुकीची कागदपत्रे हाताळणाऱ्या एका कंपनीत दोन वर्षांपासून नोकरीस असलेली. तिला राजनय आणि आंतरराष्ट्रीय संबंध या विषयात एम.ए. करायचे आहे, तेही नोकरी न सोडता, म्हणजे ऑनलाइन. दोन वर्षांचे शुल्क तिच्या सहा-सात महिन्यांच्या पगाराइतके आहे. वडील निवृत्तीला टेकले आहेत आणि धाकट्या भावाचे शिक्षण अजून बाकी आहे. तिने विचारले, “अंकल, या पदवीला किंमत आहे का?”

प्रश्न सरळ होता. त्याचे उत्तर देण्यास मी फारसा योग्य माणूस नाही, आणि तसे का, हे आधी सांगणे प्रामाणिकपणाचे ठरेल.

मद्रास विद्यापीठाने पत्रद्वारा शिक्षणाची संस्था 1981 मध्ये सुरू केली. त्या सुमारास मी त्याच विद्यापीठात इतिहासात एम.ए. करीत होतो. समुद्रासमोरच्या चेपॉकच्या वर्गात बसणारे आम्ही, ज्यांचे धडे पोस्टाने घरी जात त्यांच्याकडे तुच्छतेने पाहत असू. ‘पोस्टमनने दिलेली पदवी’ हा आमच्यातला नेहमीचा विनोद होता. विनोद तेवढ्यावर थांबला असता तर बिघडले नसते. पुढे नव्वदच्या दशकात मी एका निवड समितीवर होतो. पद साधेच, संशोधन सहायकाचे. अखेरीस दोन उमेदवार उरले. त्यांतला एक दिवसभर एका न्यायालयात टंकलेखन करून रात्री अभ्यास करीत पत्रद्वारा एम.ए. झालेला होता. मुलाखतीत त्याची उत्तरे अधिक सरस होती, हे मला तेव्हाही कळले होते. मी फाइलवर शेरा मारला, ‘नियमित पदवीधारकास प्राधान्य द्यावे.’ असा कोणताही नियम नव्हता. कोणी विचारलेही नाही. नियमाचा आधार नसलेला पूर्वग्रह नियमाच्या भाषेत कसा लिहावा, हे आम्हा अधिकाऱ्यांना कोणी शिकवावे लागत नाही.

कायद्यापुरते बोलायचे तर आता तो शेरा टिकणार नाही. विद्यापीठ अनुदान आयोगाच्या मुक्त, दूरस्थ आणि ऑनलाइन शिक्षणाविषयीच्या 2020 च्या विनियमांनुसार मान्यताप्राप्त संस्थेने मंजुरीने दिलेली ऑनलाइन पदवी ही नियमित पदवीच्या समकक्ष आहे. सप्टेंबर 2022 मध्ये आयोगाने हे पुन्हा जाहीरपणे स्पष्ट केले. म्हणजे मान्यतेचा प्रश्न बहुतांशी सुटला आहे. मानाचा प्रश्न मात्र शिल्लक आहे, आणि तो केवळ माझ्यासारख्यांच्या अहंकारातून उपजलेला आहे असे म्हणणे आपल्याला सोयीचे असले, तरी खरे नाही.

या अविश्वासाला इतिहास आहे. काही अभिमत विद्यापीठांनी आवश्यक मंजुरीविना पत्रद्वारा अभियांत्रिकीच्या पदव्या वाटल्या आणि नोव्हेंबर 2017 मध्ये सर्वोच्च न्यायालयाने 2001 ते 2005 या काळात प्रवेश घेतलेल्यांच्या पदव्या स्थगित करून त्यांना नव्याने परीक्षा द्यायला लावली. तोवर ती माणसे अनेक वर्षे नोकऱ्या करून मोकळी झाली होती. आमच्याच राज्यात, चिदंबरमच्या अण्णामलाई विद्यापीठाच्या दूरशिक्षणाला 2014-15 पर्यंतच मान्यता होती, असे आयोगाने मार्च 2022 मध्ये जाहीर सूचनेद्वारे सांगितले. हे विद्यापीठ काही गल्लीबोळातले नव्हे. दक्षिणेतील अनेक शिक्षक, कारकून, पोलीस तेथूनच पदवीधर झाले. संस्था आणि नियामक यांच्यातील भांडणाची किंमत अशा वेळी विद्यार्थी मोजतो. म्हणून माहितीपत्रकावरील विद्यापीठाचे नाव पाहून थांबू नये. तोच अभ्यासक्रम, त्याच सत्रासाठी, त्याच पद्धतीने आयोगाच्या यादीत आहे की नाही, हे पाहिले पाहिजे. परदेशी विद्यापीठाची पदवी असेल तर काळजी दुप्पट हवी. दूरस्थ पद्धतीने मिळवलेल्या परदेशी पदव्यांना भारतीय विद्यापीठ संघ दीर्घकाळ समकक्षता देत नसे. 2025 च्या विनियमांनी समकक्षतेचे काम आयोगाने स्वतःकडे घेतले आहे. शुल्क भरण्यापूर्वी ही बाब लेखी विचारून घ्यावी. विक्री प्रतिनिधीचे तोंडी आश्वासन हा पुरावा नव्हे.

समजा, कागदपत्रे चोख आहेत. मग राजनयाची पदवी कोणते दार उघडते?

अनेक तरुणांच्या मनात या पदवीच्या पलीकडे भारतीय विदेश सेवा उभी असते. या सेवेचा मार्ग लोकसेवा आयोगाच्या नागरी सेवा परीक्षेतून जातो आणि त्या परीक्षेला कोणत्याही विषयाची पदवी चालते. राजनयातील एम.ए. असल्याने एक गुणही वाढत नाही. सेवेत निवड झालेल्याला राजनय शिकवण्याची व्यवस्था सरकारने दिल्लीत, आजच्या सुषमा स्वराज विदेश सेवा संस्थेत, वेगळी केलेली आहे. मद्रास ख्रिश्चन कॉलेजमध्ये शिकलेले के. पी. एस. मेनन स्वतंत्र भारताचे पहिले परराष्ट्र सचिव झाले. त्याच महाविद्यालयाचे के. एम. पणिक्कर चीनमध्ये राजदूत झाले. पणिक्कर तर मुळात इतिहासकार. संपूर्ण सेवेत अधिकाऱ्यांची संख्या हजाराच्या आसपास. एवढ्या अरुंद दारासमोर एखादी पदवी किल्ली म्हणून विकली जात असेल, तर ती विक्री फसवी आहे असे मी निःसंकोच म्हणेन. संयुक्त राष्ट्रांच्या नोकऱ्यांमध्ये पदव्युत्तर पदवीला महत्त्व आहे, हे खरे. पण तेथे विद्यापीठ युनेस्कोच्या सहकार्याने तयार होणाऱ्या जागतिक सूचीत आहे का हे तपासले जाते आणि अनुभवाची वर्षे मोजली जातात.

मला अधिक रस आहे तो निराळ्या प्रश्नात. मुत्सद्देगिरी पडद्यासमोर बसून शिकता येते का?

एग्मोरच्या तमिळनाडू अभिलेखागारात मी निवृत्तीनंतर बराच काळ घालवला आहे. फोर्ट सेंट जॉर्जच्या छापील दप्तरांत 1677 मधील काही नोंदी आहेत. दक्षिण दिग्विजयावर आलेल्या शिवाजी महाराजांनी मे महिन्यात मद्रासच्या इंग्रजांना पत्र पाठवून विषावरील उतारे आणि काही औषधी वस्तू मागितल्या. किंमत देण्याची तयारीही कळवली. विल्यम लँगहॉर्न तेव्हा गव्हर्नर होता. त्याच्या मंडळाने विचार केला, सुमारे साठ पॅगोडा किमतीच्या वस्तू पाठवल्या आणि पैसे घेतले नाहीत. पुढे महाराजांकडून किल्ल्यांच्या कामासाठी तंत्रज्ञांची मागणी आली, तेव्हा त्याच मंडळाने सभ्य सबब सांगून ती टाळली. औषधे भेट म्हणून दिली तर मैत्री राहते; तंत्रज्ञ दिले तर इतर सत्ता रुष्ट होतात. काय द्यावे, कशाचे मोल घेऊ नये, आणि नकार कोणत्या शब्दांत लिहावा, एवढे सगळे या चार-दोन नोंदींत आहे. मराठी वाचकांना यात फारसे नवल वाटणार नाही. त्यांच्या इतिहासात वकील दरबारोदरबारी बसून जी पत्रे लिहीत, ती याच जातीची असत.

हे कसब व्याख्यान ऐकून येत नाही, मग ते व्याख्यान वर्गात असो की पडद्यावर. मसुदा लिहावा, वरिष्ठाने तो तांबड्या शाईने रंगवावा, पुन्हा लिहावा, अशानेच ते येते. म्हणून ‘ऑनलाइन की प्रत्यक्ष’ हा वाद मला थोडा भरकटलेला वाटतो. करोनाच्या वर्षात राष्ट्रप्रमुखांनी संयुक्त राष्ट्रांच्या आमसभेत ध्वनिचित्रमुद्रित भाषणे केली, मार्च 2020 मध्ये सार्क देशांचे नेते पडद्यावर भेटले, आणि क्वाडची पहिली शिखर बैठक मार्च 2021 मध्ये दूरदृश्य पद्धतीनेच झाली. राजनयच पडद्यावर आला असताना त्याचे शिक्षण पडद्यावर नको, हा आग्रह टिकत नाही. अर्थात मधल्या सुट्टीत, कॉफीचा पेला हातात धरून जे ठरते, ते पडद्यावर ठरत नाही, आणि ते शिकवताही येत नाही.

डिप्लो फाउंडेशन आणि माल्टा विद्यापीठ यांचा समकालीन राजनयावरील पदव्युत्तर अभ्यासक्रम प्रामुख्याने ऑनलाइन चालतो. भारताचे माजी राजदूत किशन राणा यांनी डिप्लोत वर्षानुवर्षे शिकवले. छोट्या देशांचे कार्यरत अधिकारी, ज्यांना दोन वर्षे कार्यालय सोडून लंडनला जाणे परवडत नाही, ते तेथे शिकतात. गट लहान, वाचनाचा मजकूर समोर, त्याच्या ओळीओळींवर विद्यार्थी आणि शिक्षक यांची टिपणे. त्या पदवीला जो मान आहे तो शेजारच्या बाकावर कोण बसले आहे आणि आपला कागद कोण वाचतो आहे, यामुळे. आपल्याकडील नियमांतही ध्वनिचित्रफीत, वाचनसाहित्य, स्वयंमूल्यमापन आणि चर्चा अशा चार अंगांची अट आहे. चर्चेचे अंग किती ठिकाणी जिवंत आहे, हा खरा प्रश्न. बहुपर्यायी प्रश्नांवर टिचक्या मारून राजनयात प्रथम श्रेणी मिळत असेल, तर ती नियमित विद्यापीठाची असली तरी मी तिला किंमत देणार नाही.

अशी पदवी कामाची आहे ती आधीच कामात असलेल्यांच्या. परराष्ट्र मंत्रालयाने 2014 मध्ये राज्यांशी समन्वयासाठी स्वतंत्र विभाग सुरू केला. राज्यांच्या बाजूला त्या संवादासाठी तयार माणसे किती आहेत? रामनाथपुरमच्या मत्स्यव्यवसाय कार्यालयातील अधिकाऱ्याला श्रीलंकेच्या नौदलाने पकडलेल्या मच्छीमारांची यादी दिल्लीला पाठवावी लागते. गुंतवणूक खात्यातील उपसचिव कोरियन कंपनीशी बोलतो. न्हावा शेव्याच्या किंवा चेन्नईच्या बंदरावर निर्बंधांचे नियम वाचून मालाची कागदपत्रे अडवावी की सोडावी, हे कोणीतरी ठरवते. ही माणसे रोज परराष्ट्र व्यवहार करतात आणि त्याचे शिक्षण कोणालाच नसते. बाविसाव्या वर्षी, अनुभवाविना, नोकरीचे तिकीट म्हणून ही पदवी घेणे हा माझ्या मते महागडा सौदा आहे. शेजारची मुलगी या दोहोंच्या मध्ये कुठेतरी उभी आहे.

तिला मी हो किंवा नाही म्हटले नाही. कच्चतीवू बेटाविषयीचा 1974 चा करार आणि 1976 चा पत्रव्यवहार तिच्या हातात दिला आणि मत्स्यव्यवसाय सचिवांसाठी दोन पानांचे टिपण लिहून आणायला सांगितले. आठ दिवसांनी तिने ते आणले. पहिले पान वर्तमानपत्री होते. मी ते जवळजवळ सगळे खोडले. दुसऱ्या पानावर तिने नेमके बोट ठेवले होते. 1974 च्या पाचव्या कलमाने भारतीय मच्छीमारांना व यात्रेकरूंना प्रवासी कागदपत्रांविना बेटावर जाण्याची मुभा दिली. सहाव्याने दोन्ही देशांच्या नौकांचे परंपरागत हक्क राखले. मात्र मासेमारी हा शब्द त्या दोन्ही कलमांत नाही. भारतीयांनी श्रीलंकेच्या पाण्यात मासेमारी करू नये, हे नंतर आले, दोन परराष्ट्र सचिवांच्या पत्रांतून. मग ज्या राज्याचे मच्छीमार, त्याला या पत्रांआधी कोणी विचारले होते का, असा प्रश्न तिने समासात पेन्सिलीने लिहिला होता. सचिवांना पाठवण्याच्या टिपणात असा प्रश्न समासात लिहीत नाहीत, तो मजकुरात घेतात, एवढेच मी तिला सांगितले.

न्यायालयातला तो टंकलेखक पुढे कुठे गेला, मला ठाऊक नाही. त्याचे नावही आता आठवत नाही. अक्षर मात्र सुरेख होते.

प्रवेशाची मुदत संपायला अकरा दिवस उरले आहेत. तिने विद्यापीठाला पत्र लिहून विचारले आहे की अभ्यासक्रमात लेखी मसुदे किती आणि ते तपासून परत कोण देणार. उत्तर अजून आलेले नाही.