तड्याच्या टोकाला भोक का?

एखाद्या गॅरेजपाशी जुन्या मोटारीची दुरुस्ती चाललेली तुम्ही पाहिली असेल. मडगार्डच्या पत्र्याला तडा गेलेला असतो. कसबी कारागीर लगेच वेल्डिंग सुरू करीत नाही. आधी तो ड्रिलने तड्याच्या टोकाशी एक बारीक भोक पाडतो! फाटलेल्या पत्र्याला आणखी भोक कशासाठी?

मोटार धावताना पत्रा सारखा थरथरतो आणि त्यावर पुनःपुन्हा ताण पडतो. अखंड पत्र्यात हा ताण सर्वत्र वाटला जातो. तडा आडवा आला, की ताणाला त्याला वळसा घालावा लागतो आणि तड्याच्या टोकाशी ताणाची गर्दी होते. टोक जितके अणकुचीदार, तितका तेथील ताण अधिक, हे ब्रिटिश अभियंता चार्ल्स इंग्लिस यांनी १९१३ साली गणिताने दाखवून दिले. पत्र्याच्या मधोमध २० मिलिमीटर लांबीचा तडा आहे आणि त्याच्या टोकाची त्रिज्या ०.१ मिलिमीटर आहे, असे समजा. त्यांच्या सूत्रानुसार टोकापाशी ताण २१ पट होतो! दोन्ही टोकांशी ३ मिलिमीटर व्यासाचे भोक पाडले, तर तो सहा-सात पटींवर येतो. भोकामुळे टोक बोथट होते, एवढीच त्यातली किमया.

पण खरे टोक सापडावे कसे? ते डोळ्यांना दिसत नाही. तड्यावर रॉकेल चोळून पत्रा कोरडा पुसतात व वर खडूची पूड लावतात. तड्यात मुरलेले रॉकेल हळूहळू पाझरते आणि पुडीवर ओली रेघ उमटते. ती जेथे संपते, तेथे टोक.

आता वेल्डिंग. ऑक्सिजन-ॲसिटिलीनची ज्योत सुमारे ३१०० अंश सेल्सिअस तापते. पोलाद १५०० अंशांच्या आसपास वितळते. मात्र तापलेला भाग प्रसरण पावू पाहतो, भोवतालचा थंड पत्रा त्याला दाबून धरतो. निवताना तोच भाग आकुंचन पावून पत्रा ओढतो आणि पत्रा वेडावाकडा होतो. म्हणून कारागीर आधी दूरदूर टाके मारतो, ते निवू देतो आणि मग मधली जागा थोडीथोडी भरतो. शेवटी भोकही बुजवतो.

घरी करून पाहा : प्लॅस्टिकच्या पिशवीच्या दोन सारख्या पट्ट्या घ्या. दोन्हींच्या कडेला सारखीच चीर द्या. एकीच्या चिरेच्या टोकाशी कागदाच्या पंचने गोल भोक पाडा. आता दोन्ही पट्ट्या सावकाश ओढा. कोणती आधी फाटली? आणि का?